‘मी त्यात नसेन’ म्हणालेली बहीण

विभावरी आजगावकर घरभेदी बाई आहे, असं अबुधाबीतल्या निम्म्या मराठी घरांत तुम्हाला ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. गणपतीच्या आरतीचं ताट आधी कुणी धरायचं यावरून जी माणसं वर्षभर अबोला धरतात, त्यांच्याकडून माणसाची पारख कसली करून घ्यायची? मी सुरैय्या, दाभोळची. मुसाफ्फाला आमची कंपनी आहे, शाळांना आणि कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवते. विभावरी तिथली एचआर मॅनेजर आणि मी तिच्या हाताखाली. तिचं जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, तेव्हा सांगायचा हक्क माझा.

आधी तिचे दोष सांगते, नाहीतर म्हणाल मैत्रीण म्हणून पाठीशी घालते. पूर्वी तिच्या मुलाखती म्हणजे एक तऱ्हाच होती. समोरच्याचं आडनाव मराठी दिसलं की पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" गाव सिंधुदुर्गातलं निघालं तर खुर्ची पुढे ओढली जायची, थर्मासातला घरचा चहा निघायचा, आणि मग ह्याची मामी तिच्या मावशीच्या वाडीतली, त्याचा चुलता तिच्या शाळेतला, असं करत वेळ निघून जायचा. कामाचं विचारायचं राहूनच जायचं. माणूस मात्र पास. बाकीच्यांना इंग्रजीत नाहीतर हिंदीत चार कोरडे प्रश्न आणि "वी विल कॉल यू". मी एकदा टोकलं तर म्हणाली, "अगं, सगळेच आपापली माणसं भरतात इथे. आपण नाही भरली तर आपल्यांना कोण विचारणार?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही तिच्या लेखी खोड नव्हतीच. ती समाजसेवा होती.

माझीच मुलाखत घ्या. डोक्याला स्कार्फ, नाव सुरैय्या. तिनं वर बघून सरळ हिंदी सुरू केली, "आप कहाँ से हैं?" मी म्हटलं, "दाभोळ, रत्नागिरी जिल्हा." तर म्हणते, "अरे वा, मराठी छान बोलता तुम्ही." माझं डोकं सणकलं. म्हटलं, "मॅडम, माझ्या आईनं मला शिव्या मराठीतच घातल्या, दुसरी भाषा आणू कुठून?" ती कसनुशी हसली. थर्मास काही उघडला नाही. रिसेप्शनला थोडी अरबी येणारी बाई हवी होती म्हणून मला घेतलं.

पण मन वाईट नव्हतं तिचं, हेही सांगायला पाहिजे. मी तापानं पडले तेव्हा मोहम्मद बिन झायद सिटीतल्या तिच्या घरून पेजेचा डबा रोज माझ्याकडे यायचा. तिनं लग्न केलं नाही. इथे तिचं म्हणून एकच कुटुंब होतं, थोरला भाऊ जगन्नाथ, वहिनी मीनाक्षी आणि भाची पर्णिका. हळूहळू त्यांच्यात मीही घरची झाले. ऑफिसात मॅडम, बाहेर विभावरीताई. तिला बदलायला मी कारण झाले असं मात्र समजू नका. ती बदलली अबुजरमुळे.

अबुजर श्रीवर्धनकडचा, आमच्या स्टोअरमध्ये कामाला. त्याच्याशीही ती हिंदीच बोलायची, आणि तोही बिचारा हिंदीतच उत्तर द्यायचा. स्टोअर सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा ती त्याला मिळायला हवी होती, काम सगळं तोच बघत होता. मिळाली रूपेशला. रूपेश वेंगुर्ल्याचा, त्याची मामी ताईच्या वाडीतली. वशिल्याचं तट्टू. रमजानमध्ये एका दुपारी मोठी कोल्ड रूम बंद पडली, आतला सगळा माल नासला, आणि चौकशी झाली. रूपेशला तिनं केबिनमध्ये बसवून मराठीत विचारलं. अबुजरला विचारलंच नाही. ड्यूटी त्याची होती ना, मग झालं. खलास. त्याची नोकरी गेली, व्हिसा गेला, तो गावी गेला. हलगर्जीपणासाठी दुबईहून हाकललेला मुलगा म्हणून ठरलेलं लग्नही मोडलं. गावाला अबुधाबी आणि दुबई एकच.

खरं काय ते कळलं ताईच्या घरी, गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत. मी वाढत होते. रूपेश तिसरा मोदक फोडत हसत हसत म्हणाला, "तो अबुजर फुकट लटकला हां, ताई. कॉम्प्रेसरचा आवाज व्हायचा, झोप लागेना, म्हणून मीच बंद केला होता. चालू करायचा विसरलो." आणि हसला. त्याला भीती वाटली नाही, कारण पंगतीत सगळी आपलीच माणसं होती. ताईही हसेल असंच त्याला वाटलं असणार. ताईच्या हातात तुपाची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली आणि आत गेली ती पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अबुजरला फोन लावला. मी शेजारी होते. तिनं माफी मागितली, परत ये म्हणाली, जागा देते म्हणाली. तो चिडला नाही. आमच्या बाणकोटी वळणाच्या मराठीत शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी खरं सांगितलं असतं. आता नको." फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तो मराठी बोलतो हे इतकी वर्षं मला माहीत नव्हतं." माझ्या ओठांवर आलं होतं, माहीत करून घ्यायचं होतं कुणाला? पण तिचा चेहरा बघून गिळलं.

मग तिनं मालकापुढे जाऊन आपली चूक सांगितली. रूपेशची रीतसर चौकशी झाली, दोघांनाही बोलायला मिळालं, अबुजरला फोनवरून का होईना, आणि रूपेश गेला. जाताना म्हणाला, "ताई, घरातली गोष्ट ऑफिसात नेलीत." तिथून घरभेदी हा शब्द सुरू झाला. इथल्या मराठी मंडळातून तिला येणारी हळदीकुंकवाची बोलावणी थांबली.

मुलाखतींची पद्धत तिनं उलटीपालटी केली. अर्जावरचं नाव, गाव, फोटो मी झाकायचं आणि मग पुढे पाठवायचं. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं. दोघांनी मुलाखत घ्यायची, आणि एकमेकांशी बोलण्याआधी गुण मांडायचे. उमेदवाराशी कुणीही आपल्या भाषेत बोलायचं नाही, सगळ्यांशी हिंदी नाहीतर इंग्रजी. चहा नाही, सगळ्यांना पाणी. आणि कुणाचा नातेवाईक असला तर त्यानं त्यातून बाहेर राहायचं. हे सगळं कागदावर सोपं दिसतं. पहिल्या पहिल्यांदा सावंतवाडीचा कुणी समोर आला की तिच्या ओठांवर गाव यायचं, आणि ती टेबलाखाली स्वतःला चिमटा काढायची. खरंच काढायची, हातावर खुणा बघितल्यात मी. एकदा म्हणाली, "सुरैय्या, मला अजूनही आपली माणसं जास्त हुशार वाटतात गं. वाटणं जात नाही. म्हणून नियम पाहिजेत." मला त्या दिवशी ती पहिल्यांदा खरी मोठी वाटली.

आणि मग जगन्नाथदादाची कंपनी बंद पडली.

दादाविषयी काय सांगू. वडील लवकर गेले, तेव्हा हा शाळेतनं बाहेर पडला आणि धाकट्या बहिणीला कॉलेजात घातलं. इथे येऊन बांधकामाच्या मालाच्या गोदामात उन्हाळे काढले. मग बहिणीला आणलं, तिची पहिली नोकरी लावली. मोठ्यानं हसणारा, समोरच्याच्या पाठीत थाप मारणारा माणूस. मलाही "गो सुरैय्या" म्हणायचा, तिला म्हणायचा तसंच. आता त्याचं वय झालेलं, कंपनी गेलेली, आणि पर्णिका बारावीत. व्हिसा रद्द झाल्यावर नवीन नोकरी शोधायला इथे थोडी मुदत मिळते. त्या मुदतीत नोकरी मिळाली तर पोरीचं वर्ष वाचणार होतं. नाहीतर ऐन परीक्षेआधी गाशा गुंडाळून गावी.

त्याच वेळी आमच्याकडे स्टोअर सुपरवायझरची जागा रिकामी होती. अबुजरला जी मिळाली नाही, तीच.

दादा रविवारी ताईकडे जेवायला आला होता, मीही होते. आमटी भातात कालवता कालवता म्हणाला, "विभा, ती स्टोअरची जागा भरायची आहे ना तुमच्याकडे?" ताईनं घास खाली ठेवला. म्हणाली, "अर्ज कर, दादा. पण मी त्यात नसेन."

दादा मोठ्यानं हसला. "हो हो, कळलं." आणि वहिनीकडे बघून डोळे मिचकावले.

इथेच सगळं फसलं. आपल्यात "मी त्यात नसेन" म्हणजे काय, तुम्हीच सांगा. साहेब जेव्हा म्हणतो, रीतसर अर्ज करा, मी काही बोलणार नाही, तेव्हा आपण पेढे आणायला जातो. नकार कसा द्यायचा ते आपल्याला येत नाही आणि ऐकायचा कसा तेही येत नाही. ताईनं पुन्हा सांगितलं, "दादा, खरंच सांगते. इतर ठिकाणीही अर्ज टाक. मी यादीपण केली आहे तुझ्यासाठी." तो म्हणाला, "बरं गो बरं, टाकतो." एकही टाकला नाही. वहिनीनं मंडळात सांगून टाकलं की ह्यांचं विभाकडे ठरलंय. पर्णिकेनं मैत्रिणींना सांगितलं, "वी आर स्टेइंग, इन्शाल्ला."

ताईनं मालकाला आधीच कळवलं, माझा भाऊ आहे, मी बाहेर. मुलाखत मी आणि मुनीरभाईंनी घ्यायची ठरली. मुनीरभाई आमच्या किचनचे मुख्य, पेशावरचे. मी म्हटलं, "ताई, मलाही नको. दादाच्या ताटात जेवलेय मी." मालक म्हणाला, दुसरं कुणी नाही, सुरैय्याच बसेल.

त्या दिवशी रिसेप्शनला पाच जण बसले होते. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापून. उमेदवारांना आत न्यायचं काम ताईचं होतं, ते तिनं टाळलं नाही. ती आली, एकेकाला नमस्कार केला, आणि भावासमोर उभी राहून म्हणाली, "जगन्नाथजी, आप बैठिए. पानी लेंगे आप?"

मला बघवेना. दादा मात्र खूश. त्याला वाटलं, काय झकास नाटक करते बहीण. तोही ताठ बसून म्हणाला, "जी मॅडम, शुक्रिया." आणि ती वळल्यावर माझ्याकडे बघून हळूच हसला. मी नंतर ताईला बोललेच, "दोन शब्द मराठीत बोलली असतीस तर आभाळ कोसळलं नसतं." ती म्हणाली, "त्याच खुर्चीवर एकदा तू बसली होतीस. मी दुसऱ्या कुणाशीतरी मराठीत हसत होते. आठवतंय तुला?" आठवत होतं.

मुलाखत वाईट झाली नाही. हेच तर दुःख आहे. दादानं मन लावून उत्तरं दिली. पण त्याचं आयुष्य गेलं सिमेंटच्या गोण्या आणि पाइपांत. कच्चं चिकन कुठल्या रॅकवर, शिजलेला भात कुठे, फ्रीझर बंद पडला तर आधी काय हलवायचं, त्याला येईना. म्हणाला, "सीख लूंगा, साब." आणि मग एमान आली. सुदानची, इस्पितळाच्या किचनचं स्टोअर वर्षानुवर्षं सांभाळलेली. मुनीरभाईंनी मध्येच प्रश्न थांबवून माझ्याकडे बघितलं. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गुण मांडून झाल्यावर मी ताईच्या केबिनमध्ये गेले. मुनीरभाई नमाजाला गेले होते. म्हटलं, "ताई, माझे गुण अजून माझ्या हातात आहेत. कुणाला कळणार आहे?"

तिनं विचारलं नाही कुणाला किती मिळाले. खिडकीकडे बघत म्हणाली, "सुरैय्या, अबुजरचं लग्न मोडलं. त्यालाही पोरं झाली असती." मग म्हणाली, "जा, दे नेऊन. मी रडले तरी ऐकू नकोस माझं." मी दार लावून बाहेर आले. आत ती रडत होती ते बाहेर ऐकू येत होतं, आणि मी तिचं ऐकलं नाही. गुण तसेच नेऊन दिले. तिचा राग आला मला, खोटं का बोलू. एवढं कुणी न्यायी असतं का?

फोन करू नकोस, जाऊन सांग, असं मीच तिला म्हटलं. संध्याकाळी दोघी दादाच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडलं तर शिऱ्याचा वास. वहिनीनं वाट्या मांडूनच ठेवल्या होत्या.

"दादा, नाही झालं," ताई उभ्यानंच म्हणाली.

"पुरे आता नाटक," दादा हसत म्हणाला. "ऑफिस सुटलं. बस, शिरा खा."

"नाटक नाही, दादा. दुसऱ्या बाई आहेत, त्यांना जास्त येतं. त्यांना घेतलं."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर ते तसंच थोडा वेळ राहिलं, आणि ते बघणं फार वाईट होतं. मग खुर्चीवर बसला. "तू त्यात नव्हतीस?"

"नव्हते. तुला सांगितलं होतं मी."

"म्हणजे खरंच नव्हतीस." त्याला पहिल्यांदा कळलं. वहिनी आत निघून गेली. दादा हळू आवाजात बोलला, तो कधी हळू बोलत नसे. "विभा, तुझी पहिली नोकरी. मी त्या मॅनेजरच्या दारात जाऊन बसायचो. कामावरनं सुटलो की तिथे. तो मला हाकलायचा, मी परत जायचो. तेव्हा तुझ्याहून हुशार मुली नव्हत्या काय गो?"

"होत्या, दादा," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"मग तेव्हा कुठे होता तुझा न्याय?"

ती एवढंच म्हणाली, "पर्णिकेला माझ्याकडे ठेव. तिची परीक्षा होऊ दे. मी तिच्या व्हिसाचं बघते, शाळेशी बोलते, काय लागेल ते करते."

"माझी पोर तुझ्याकडे कुठल्या नात्यानं ठेवू?" दादा म्हणाला. "तुझ्याकडे नाती झाकून ठेवतात."

पर्णिका खोलीच्या दारात उभी होती. डोळे लाल. म्हणाली, "बाबा, इट्स ओके, लीव्ह इट." आणि मग ताईकडे न बघता, "आत्या, प्लीज गो." लहानपणी हीच पोर आत्याच्या कुशीत झोपल्याशिवाय घरी जायला तयार नसे. आम्ही लिफ्टनं खाली आलो. ताईनं किल्ली माझ्या हातात दिली, गाडी मी चालवली.

दादा-वहिनी पोरीला घेऊन गावी कधी गेले ते तिला मंडळातल्या एका बाईकडून समजलं, तेही टोमणा म्हणून. विमानतळावर जायचं राहिलंच. पर्णिकेला तिकडच्या शाळेनं त्या वर्षी परीक्षेला बसू दिलं नाही, एक वर्ष गेलं पोरीचं. एमान मात्र फार चांगली निघाली, तिच्या हाताखाली स्टोअर असं चाललंय की मुनीरभाई दुवा देतात. हे मी ताईला कधी सांगते, कधी सांगत नाही. सांगितलं तरी ती नुसती मान हलवते. लोक समजतात तिला गर्व झालाय. गर्व कसला डोंबलाचा. ती दर रविवारी गावी फोन लावते. वहिनी उचलते आणि म्हणते, "ते देवळात गेलेत," आणि मागे दादाचा खोकला ऐकू येतो. ताई म्हणते, "बरं वहिनी, आले की सांगा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

यंदा भाऊबीजेला तिनं मला बोलावलं. मला वाटलं, फराळाला. जाऊन बघते तर तबक तयार. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. म्हटलं, "दादा येणार आहे की काय?" ती नाही म्हणाली. "सकाळी व्हिडिओ कॉल केला होता. कट केला त्यानं." मग तबकाकडे बघत सांगितलं, "ज्या बायकांना भाऊ नसतो, त्या आजच्या दिवशी चंद्राला ओवाळतात. मला चंद्र दिसत नाहीये गं. गच्चीवर जाऊन आले, नुसती धूळ आहे. तुला दाखवता येईल?"

मला दाखवता येणारच होता. अवसेनंतरचा असा बारीक चांद आम्ही ईदच्या आदल्या संध्याकाळी शोधतो, लहानपणापासून बापानं खांद्यावर बसवून शिकवलेलं असतं, सूर्य बुडाला की कुठे बघायचं आणि किती वर. आम्ही दोघी गच्चीवर गेलो. मशिदीच्या मिनाराच्या डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या वर, मी बोट केलं. तिला सापडेना. मी तिची हनुवटी धरून मान वळवली, तेव्हा दिसला.

तिनं पदर डोक्यावर घेतला. मी हात आडवा धरून वाऱ्यापासून निरांजन सांभाळलं. तिनं एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळलं, आणि तिसऱ्यांदा हात वर नेला तो तिथेच थांबला.

"सुरैय्या," ती म्हणाली, "माझा भाऊ जिवंत आहे गं."

मी तबक तिच्या हातातून काढून घेतलं.